कार्ड चोरीला गेले म्हणजे पैसे गेलेच असे नाही

आईचे, वडिलांचे किंवा आजीचे एटीएम कार्ड चोरीला गेले आणि खात्यातून पैसे निघाले, की घरातली माणसे आधी चोराचा विचार करू लागतात. कार्ड एसटी स्टँडवर गेले की बाजारात, पिन कोणाला ठाऊक होता, पोलीस पकडतील का, हीच चर्चा दोन-चार दिवस चालते. या प्रश्नांची उत्तरे पुढे कधी तरी मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत. पैसे परत मिळणे मात्र प्रामुख्याने दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरते: बँकेला कधी कळवले आणि कळवल्याचा पुरावा काय आहे. चोर सापडला नाही तरी बँकेकडून भरपाई मिळू शकते. आणि चोर सापडला तरी त्याने पैसे उडवून टाकले असतील व बँकेला उशिरा कळवले असेल, तर हाती काही लागत नाही. भरपाई हा खातेदाराचा हक्क आहे, पण तो पहिल्या तीन दिवसांत कागदावर आणावा लागतो. खातेदार थकलेला असेल, त्याला लिहिता-वाचता येत नसेल, तर हे काम घरच्या जाणत्या माणसाने त्याच्या नावाने आणि त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने करायला हवे.

बीड जिल्ह्यात हे सांगण्याची विशेष गरज आहे. दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले उरतात. खाते आईच्या नावावर, कार्ड तिच्या पिशवीत, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर सांगली-कोल्हापूरकडच्या फडात असलेल्या मुलाचा आणि पिन शेजारच्या नातवाला पाठ, अशी विभागणी केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या घराघरांत आढळते. निराधार योजनेचे मानधन, पीएम किसानचा हप्ता, लाडकी बहीण योजनेचे पैसे याच खात्यात येतात. कार्ड चोरीला जाते तेव्हा व्यवहाराचा मेसेज फडात पोहोचतो, आणि तिथे दिवसभर कोयता चालवणारा माणूस तो रात्री पाहतो किंवा पाहतच नाही. रिचार्ज संपलेल्या जुन्या नंबरावर तर तो पोहोचतही नाही. नियमाने दिलेला वेळ असा नकळत निघून जातो.

तो नियम कोणता, हे प्रत्येक खातेदाराला माहीत असले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून, खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत त्याच्यावर किती जबाबदारी टाकता येते याची मर्यादा घालून दिली. ग्रामीण बँकाही त्यात आल्या, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक निघाले. बँकेच्याच त्रुटीमुळे पैसे गेले असतील, तर खातेदाराने कळवले असो वा नसो, जबाबदारी बँकेची. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा वेळी बँकेकडून मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास खातेदाराचे नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रकमेपर्यंतचा बोजा त्याच्यावर येतो: जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये, साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळे अवलंबून. ही मर्यादा प्रत्येक व्यवहाराला वेगळी लागते, हे नीट ध्यानात घ्या. समजा, साध्या बचत खात्यातून १०,००० रुपयांप्रमाणे चार वेळा पैसे निघाले. तीन दिवसांत कळवले तर पूर्ण ४०,००० वर हक्क. पाचव्या दिवशी कळवले तर प्रत्येक व्यवहाराचे पूर्ण १०,००० खातेदाराच्याच माथी येतात आणि परत मिळण्यासारखे काही उरत नाही. तेच खाते मूलभूत बचत खाते असेल तर पाचव्या दिवशीही निम्मे, म्हणजे २०,००० मिळायला हवेत. मेसेज मिळालेला दिवस मोजणीत धरत नाहीत, आणि रविवार, दुसरा-चौथा शनिवार व बँकेच्या सुट्ट्या वगळतात. तरीही सुट्टी आहे म्हणून थांबू नका. कार्ड बंद करण्याची सोय बँकेला चोवीस तास ठेवावीच लागते.

पहिले काम कार्ड बंद करण्याचे. इथे एक साधी अडचण येते: बँकेचा मदत क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो आणि तो कार्डाबरोबरच जातो. मग घाईत कोणी तरी इंटरनेटवर नंबर शोधतो आणि बनावट ‘कस्टमर केअर’च्या तावडीत सापडून उरलेले पैसेही गमावतो. म्हणून बँकेचा क्रमांक पासबुकच्या पहिल्या पानावर आजच पेनाने लिहून ठेवा. स्टेट बँकेचे टोल-फ्री क्रमांक १८०० १२३४ आणि १८०० २१०० आहेत; इतर बँकांचे शाखेतून घ्या. खात्याला जोडलेला मोबाइल बाहेरगावी असलेल्या मुलाकडे असेल, तर आधी त्याला फोन करून त्याच्याकडून कार्ड बंद करून घ्या. तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ लगेच टिपून ठेवा. पिशवीबरोबर मोबाइलही गेला असेल तर सिमकार्डही त्याच तासात बंद करा, कारण कार्ड आणि सिम दोन्ही हाती आले की चोर त्या खात्यावर यूपीआय सुरू करू शकतो. मग १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे ऑनलाइन खरेदीत किंवा दुसऱ्या खात्यात गेले असतील, तर पुढे काढले जाण्याआधी ते तिथेच गोठवण्याची व्यवस्था या यंत्रणेत आहे. तिचा उपयोग पहिल्या काही तासांतच सर्वाधिक होतो.

दुसरे काम शाखेत लेखी अर्ज देण्याचे. फोनवर कळवले आहे, आता कागद कशाला, असे वाटते. पण पुढे वाद झाला तर हातात शिक्का मारलेली पोच लागते. गावातल्या बँक मित्राला तोंडी सांगितले, एवढ्यावर विसंबू नका. अर्ज लांबलचक नको. ‘माझे एटीएम कार्ड अमुक तारखेला अमुक ठिकाणी चोरीला गेले. अमुक वेळी फोन करून मी ते बंद केले, तक्रार क्रमांक अमुक. माझ्या खात्यातून पुढील व्यवहार माझ्या संमतीशिवाय झाले आहेत. संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या सध्याच्या नियमांनुसार ही रक्कम माझ्या खात्यात जमा करावी आणि संबंधित एटीएमचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे,’ एवढे पुरे. खाली प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम लिहा, आणि खातेदाराची सही किंवा अंगठा घ्या. सोबत पासबुकची छायाप्रत जोडा. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शाखा पोच देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि बँकेच्या ई-मेलवरही टाका. रिझर्व्ह बँक नियमांत वेळोवेळी दुरुस्ती करते, म्हणून शाखेत बँकेचे सध्याचे ग्राहक-भरपाई धोरणही मागून घ्या. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करणे आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावणे, हे या परिपत्रकाने बँकेवर घातलेले बंधन आहे.

अर्ज लिहिण्याआधी पासबुक छापून घ्या आणि एकेक ओळ वाचा, कारण पैसे कोणत्या वाटेने गेले यावर पुरावा कुठे शोधायचा ते ठरते. एटीएम असा उल्लेख असेल तर रोख निघाली आहे. तिथे सीसीटीव्ही आणि यंत्राची नोंद महत्त्वाची. यंत्र दुसऱ्या बँकेचे असले तरी मागणी आपल्याच बँकेकडे करायची, तिने ती पुढे न्यायची. चित्रण कायम राहत नाही, काही काळाने पुसले जाते; म्हणून ही मागणी पहिल्याच अर्जात हवी. पीओएस असा उल्लेख असेल तर कार्ड एखाद्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर चालवले आहे. तिथे दुकानाचे नाव निघते, आणि आपली बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत दुकानदाराच्या बँकेकडे ती रक्कम परत मागू शकते. त्या मागणीला मुदत असते, त्यामुळे उशीर इथेही महाग पडतो. ऑनलाइन खरेदी असेल तर ओटीपी कोणत्या नंबरावर गेला हे बँकेने दाखवायला हवे. पैसे गेले, एवढेच लिहिलेल्या अर्जाला ठरावीक छापाचे उत्तर येते. कोणत्या यंत्रावर, किती वाजता, किती रुपये, हे लिहिलेल्या अर्जाला उत्तर देताना बँकेला नोंदी उघडाव्या लागतात.

बँकेचा नेहमीचा आक्षेप एकच असतो: पिन बरोबर टाकला गेला, म्हणजे तुम्हीच कोणाला तरी सांगितला. या आक्षेपाला एके काळी चांगले वजन होते. २०११ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने, कार्ड आणि पिन दोन्ही असल्याशिवाय एटीएममधून पैसे निघत नाहीत, हे बँकेचे म्हणणे ग्राह्य धरले होते. २०१७ च्या परिपत्रकाने ही बाजू बदलली. खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार आता स्पष्ट शब्दांत बँकेवर आहे. शिवाय प्रत्येक व्यवहाराला पिन लागतोच असेही नाही. जानेवारी २०२१ पासून, स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डाने ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. चोरलेले कार्ड दुकानातल्या यंत्राला नुसते टेकवले की काम होते. न्यायालयांचा कलही दिसून आला आहे. खातेदाराने मेसेजला उत्तर दिले नाही एवढ्या कारणाने बँक जबाबदारी झटकू शकत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला लावले. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ९४ हजार रुपयांच्या एका प्रकरणात स्टेट बँकेची याचिका फेटाळली. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते, ही गोष्ट तिथे नोंदली गेली. मुंबईचे आणि सर्वोच्च न्यायालयातले प्रकरण ऑनलाइन फसवणुकीचे होते, चोरीच्या कार्डाचे नव्हते. तरीही ज्या तत्त्वावर ती उभी आहेत ते तुमच्या अर्जालाही लागू पडते.

पण पिन खरोखरच सांगितला गेला असेल तर? एटीएमसमोर गोंधळलेल्या वृद्धाला मदत करतो म्हणून कोणी पुढे येतो, पिन पाहून घेतो आणि जाताना तसलेच दिसणारे दुसरे कार्ड हातात ठेवतो, हा प्रकार जुना आणि सर्रास चालणारा आहे. कार्डाच्या पाकिटातच पिनची चिठ्ठी ठेवणारेही पुष्कळ. अशा वेळी बँक निष्काळजीपणाचा मुद्दा काढणार, आणि तो पूर्ण खोटा नसतो. तरीही अर्जात खोटे लिहू नका. सीसीटीव्हीत उलटे दिसले तर सगळी तक्रार कोसळते. जे घडले ते तसेच लिहा आणि नियमातल्या दोन गोष्टींवर बोट ठेवा. निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतर झालेले सगळे नुकसान बँकेचे आहे. म्हणून कार्ड बंद केल्याची नेमकी वेळ मोलाची. आणि निष्काळजीपणाच्या प्रकरणातही खातेदाराची जबाबदारी माफ करण्याची मुभा बँकेला आहे. वय, निरक्षरता, आजारपण, आणि पुढे येऊन मदत करणाऱ्यानेच केलेली फसवणूक हे सारे मांडून ती माफी मागता येते. कार्ड आणि पिन घरच्यांकडे सोपवण्याचा धोकाही इथेच समजून घ्यावा. बेंगळुरूच्या एका महिलेने २०१३ मध्ये बाळंतपणाच्या काळात पतीला कार्ड आणि पिन देऊन पैसे काढायला पाठवले. यंत्रातून पावती आली, २५,००० रुपये आले नाहीत. २०१८ मध्ये ग्राहक मंचाने तिची तक्रार फेटाळली, कारण कार्ड दुसऱ्याच्या हाती देता येत नाही आणि पिन सांगता येत नाही. पती-पत्नीच्या नात्यानेही तिथे काही फरक पडला नाही. म्हणून आईचे कार्ड मुलानेच चालवायचे असेल, तर खाते संयुक्त करून मुलाच्या नावाचे वेगळे कार्ड घेणे, हाच सुरक्षित मार्ग.

दुसरा आक्षेप पोलिसांबाबत ऐकू येतो: तपास होऊ द्या, मग पैशाचे बघू, असे शाखेतून सांगतात. भरपाई तपासाच्या निकालावर किंवा विम्याच्या दाव्यावर अडवून ठेवण्याची मुभा परिपत्रक देत नाही. तरीही गुन्हा नोंदवणे आवश्यक आहे, कारण सीसीटीव्हीतला चेहरा आणि दुकानदाराचा जबाब पोलीसच मिळवू शकतात. पोलीस ठाण्यात नुसता ‘कार्ड गहाळ’ असा दाखला घेऊन परतू नका. पैसे निघाले आहेत, तेव्हा चोरी आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवायला सांगा. दुसऱ्याची ओळखखूण लबाडीने वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी आहे. प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली, हे नोंद नाकारण्याचे कारण होत नाही. तरीही नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार नाकारली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन नोंदवता येते, मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि शुल्क एक रुपयाही नाही. खातेदाराला जमत नसेल तर त्याने लेखी अधिकार दिलेला घरचा माणूस ही तक्रार करू शकतो. वकिलाची गरजच नाही. तिथेही समाधान झाले नाही तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. कार्ड पुण्यात वापरले गेले म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. एक खबरदारी मात्र घ्या. हे सगळे संरक्षण बँकांच्या खातेदारांना आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बँका नसतात, त्यांना ही परिपत्रके लागू नाहीत. ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकल्यानंतर हा फरक बीड जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवला आहे. रोजच्या वापराचे पैसे कोणत्या दारात ठेवायचे, हे ठरवताना तो विसरू नये.

पाच-दहा हजारांसाठी एवढे हेलपाटे कोण घालणार, असेही अनेकजण म्हणतात. ज्या वृद्धेचे महिन्याचे सगळे मानधन त्या खात्यात येते, तिला ही रक्कम लहान नाही. आणि प्रत्यक्षात खर्च किती? एक फोन, दोन कागदांची छायाप्रत, स्पीड पोस्टाचे पैसे आणि तालुक्याच्या एक-दोन फेऱ्या. लेखी तक्रारीचा आणखी एक उपयोग होतो: एकाच एटीएमवरून वारंवार तक्रारी आल्या तर तिथला ठग उघडा पडायला मदत होते. न नोंदवलेली चोरी त्या ठगाला पुढचा म्हातारा शोधायला मोकळीक देते.

काही वेळा मात्र कार्ड नेणारा घरातलाच निघतो. त्या पैशाची भरपाई बँकेकडे मागणे योग्य नाही आणि टिकणारही नाही. तो प्रश्न घरात बसून किंवा पोलिसांत जाऊनच सुटेल. पण कार्ड बंद करून पिन बदलण्याचे काम तेव्हाही पहिल्याच दिवशी करायचे. खातेदार वारला असेल तर त्याचे कार्ड वापरण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही, मुलांनाही नाही. मृत्यूचा दाखला देऊन खाते थांबवावे आणि वारसदार वा नामनिर्देशित व्यक्तीने रीतसर दावा करावा.

घरचे लोक फडावर, पुण्याला किंवा मुंबईला जाण्याआधी शाखेत एक फेरी मारावी. खात्याला जोडलेला नंबर चालू आहे का आणि तो कोणाकडे आहे हे तपासावे, घरी राहणाऱ्या माणसाकडे मेसेज येईल अशी सोय करावी, पैसे काढण्याची रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवावी. ऑनलाइन खरेदी आणि स्पर्शाविना व्यवहार आजीला लागत नसतील तर ते बंद करून घ्यावेत. प्रत्येक कार्डावर ही सोय बंद-चालू करण्याची व्यवस्था बँकेने द्यायला हवी, असे रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच बजावले आहे. आणि गावात ज्याला अर्ज लिहिता येतो अशा शिकलेल्या तरुणाने शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा अर्ज लिहून द्यावा, त्याच्याबरोबर शाखेत जावे आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. नियम कागदावर चांगला आहे, न्यायालयांनी तो मानलाही आहे. तो शिरूर कासारच्या एखाद्या वस्तीवरच्या खातेदाराच्या कामी यायचा असेल, तर तिसरा दिवस मावळण्याआधी कोणी तरी त्याच्यासाठी पेन हातात घेतले पाहिजे.